तुमच्या रिपोर्टमधला आकडा तारीख होतो तेव्हा

लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स २-३’ असं लिहिलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यात दोन-तीन पांढऱ्या पेशी दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. काळजीचं काही नाही. आता हेच ‘२-३’ घरच्या कॉम्प्युटरवर एक्सेल उघडून एखाद्या चौकटीत टाइप करा आणि एन्टर दाबा. तिथे २ मार्च दिसेल. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर ३ फेब्रुवारी. ‘८-१०’ टाइप केलंत, म्हणजे संसर्ग आहे का हे बघायला हवं असा आकडा टाकलात, तर ८ ऑक्टोबर.

गंमत इथे संपत नाही. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या मोजणीने, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून. त्यामुळे २०२४ साली कोणी ‘२-३’ टाकलं असेल तर आत साठतं ४५,३५३. नंतर कोणाच्या लक्षात आलं की इथे तारीख नको, आकडा हवा, आणि त्याने ती चौकट ‘नंबर’ केली, तर तुमच्या लघवीत पंचेचाळीस हजार पस सेल्स! हे हास्यास्पद असल्यामुळे निदान सापडतं तरी. मधल्या शंभर चुका हास्यास्पद नसतात, म्हणून त्या सापडत नाहीत.

डोळ्यांच्या तपासणीचं बघा. ६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येणारं अक्षर तुम्हाला सहा मीटरवरून वाचता येतं. नेत्रतपासणी शिबिरात दिवसभरात दोनशे लोक तपासले आणि संध्याकाळी कोणा स्वयंसेवकाने यादी एक्सेलमध्ये उतरवली, की ६/६ म्हणजे ६ जून, ६/९ म्हणजे ६ सप्टेंबर, ६/१२ म्हणजे ६ डिसेंबर. आणि ज्या आजींना ६/६०, म्हणजे फारच कमी दिसतं, त्यांच्या नावापुढे जून १९६०. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोणाला आधी बोलवायचं हे या यादीवरून ठरणार असतं.

आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही. रुग्णांची माहिती आणि वैद्यकीय संशोधनाची आकडेवारी साठवण्यासाठी एक्सेलसारखी स्प्रेडशीट वापरणं बंद व्हायला हवं. ‘जपून वापरा’ असं मी म्हणत नाही. जपून वापरणारे लोकही यात सापडले आहेत, आणि ते तुमच्या-माझ्यापेक्षा बरेच हुशार होते.

जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांचं उदाहरण घेऊ. माणसाच्या प्रत्येक जनुकाला इंग्रजी अक्षरांचं एक छोटं नाव असतं. ‘सेप्टिन’ नावाच्या प्रथिनांच्या जनुकांना सेप्ट १, सेप्ट २ अशी नावं होती. दुसऱ्या एका कुटुंबाला मार्च १, मार्च २. तिसरं एक जनुक अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या अभ्यासातून पुढे आलेलं, त्याचं नाव डेक १. ही नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांचं काय होत असेल हे आता तुम्हीच सांगाल. २ सप्टेंबर, १ मार्च, १ डिसेंबर. ही तक्रार २००४ सालीच छापून आली होती. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नामांकित नियतकालिकांतले शोधनिबंध चाळले. जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेल्या साधारण ३,६०० निबंधांपैकी सुमारे २० टक्के निबंधांत नावं बिघडलेली होती. पाचातला एक! एवढा गाजावाजा झाल्यावर सुधारणा व्हायला हवी होती. २०२१ मध्ये पुन्हा, आणखी मोठ्या प्रमाणावर मोजणी झाली तेव्हा ते प्रमाण ३० टक्क्यांच्या वर निघालं.

शेवटी उपाय कोणी केला? जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये जाहीर केलं की अशा जनुकांची नावंच बदलण्यात येत आहेत. सेप्ट १ चं सेप्टिन १ झालं, मार्च १ चं मार्चएफ १. म्हणजे हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरची सवय सुटेना म्हणून माणसाच्या जनुकांचं बारसं पुन्हा घालावं लागलं. मायक्रोसॉफ्टने आपोआप होणारं हे रूपांतर बंद करण्याची सोय दिली ती २०२३ मध्ये, म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर एकोणीस वर्षांनी. आणि ती सोयही तुम्ही स्वतः शोधून बंद केलीत तरच.

‘डॉक्टर, जनुकांच्या नावांशी आमचा काय संबंध?’ असं वाटत असेल तर इंग्लंडला चला.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस तिथे कोविडची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून पॉझिटिव्ह रिपोर्ट यायचे, ते सरकारी आरोग्य यंत्रणा एक्सेलच्या फाइलमध्ये ओढून घ्यायची आणि तिथून संपर्क शोधणाऱ्या पथकांकडे पाठवायची. ही फाइल जुन्या प्रकारची होती. जुन्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात दहा लाखांहून अधिक ओळी मावतात, पण इथे वापरात जुनाच राहिला होता. त्यात एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागायच्या, त्यामुळे एका फाइलमध्ये जेमतेम १,४०० रुग्ण बसायचे. बाकीचे गळून पडले. तांबडा दिवा लागला नाही, घंटा वाजली नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण अधिकृत आकड्यांतून गायब होते.

त्या रुग्णांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता, हे खरं. पण त्यांच्यासोबत जेवलेल्या, एका खोलीत काम केलेल्या माणसांना कोणी वेळेवर फोन केला नाही. ती माणसं नेहमीसारखी बाहेर पडली, आईवडिलांना भेटली. थिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. ज्या भागांतले जास्त रुग्ण गळाले त्या भागांत पुढच्या आठवड्यांत संसर्ग जास्त वाढला का? वाढला होता. या एका गोंधळामुळे सव्वा लाखाच्या आसपास जादा लागण आणि सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज. अंदाज म्हटल्यावर त्यात कमीजास्त होणारच. निम्मा धरा हवं तर. चाचण्या आणि संपर्कशोधावर अब्जावधी पौंड खर्च करणाऱ्या देशाची ही गोष्ट आहे.

पण माझ्या मते सगळ्यात भयंकर प्रकरण अमेरिकेतलं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने जाहीर केलं की गाठीतल्या जनुकांची हालचाल पाहून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे आधीच सांगता येतं. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला आणि डॉक्टरला हवी असलेलीच बातमी. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनाही ही पद्धत वापरायची होती, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांना ती समजून घ्यायला सांगितलं. त्यांनी जाहीर झालेल्या फाइल्स घेतल्या आणि गणित करून पाहिलं. उत्तर जुळेना. शेकडो तास घालवल्यावर कारण सापडलं. जनुकांची यादी एका ओळीने घसरली होती.

एक ओळ घसरणं म्हणजे काय हे शाळेच्या मार्कांच्या यादीवरून समजेल. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे मार्क. वरच्या मथळ्याच्या ओळीमुळे मार्कांचा रकाना एक घर खाली सरकला. आता वर्गाची बेरीज बरोबर, सरासरी बरोबर, पहिला नंबर ९६ मार्कांचा हेही बरोबर. फक्त प्रत्येक मुलाला शेजारच्याचे मार्क मिळालेले. वरवर पाहून ही चूक कोणालाही दिसणार नाही. ड्यूकच्या यादीत असंच झालं होतं. महत्त्वाचं म्हणून दाखवलेलं जनुक त्याच्या शेजारच्या ओळीतलं असायचं. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी ‘औषध लागू पडतं’ आणि ‘औषध लागू पडत नाही’ ही दोन लेबलं अदलाबदल झालेली होती. म्हणजे पद्धत जे औषध सुचवेल ते नेमकं निरुपयोगी असण्याची शक्यता.

आणि तोपर्यंत, २००७ पासून, याच पद्धतीवर आधारलेल्या चाचण्यांत खरेखुरे कर्करोगाचे रुग्ण घ्यायला सुरुवात झाली होती. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी पत्रं लिहिली, २००९ मध्ये सविस्तर निबंध छापला. चाचण्या थांबल्या, २०१० च्या सुरुवातीला पुन्हा सुरूही झाल्या, आणि त्याच वर्षी कायमच्या बंद झाल्या. तेही प्रमुख संशोधकाने आपल्या परिचयपत्रात खोटी माहिती दिल्याचं बाहेर आलं तेव्हा. निबंध मागे घेतले गेले. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयाने त्या संशोधकाने आकडेवारीत खोटेपणा केल्याचा निष्कर्ष काढला.

म्हणजे यात लबाडी होती, सगळा दोष एक्सेलच्या माथी कसा मारायचा, असं कोणी म्हणेल. मारू नका. पण एक लक्षात घ्या: कितीतरी दिवस कोणालाच सांगता येत नव्हतं की हा गबाळेपणा आहे की फसवणूक. कारण कोणता आकडा कधी, कोणी, का बदलला याची नोंदच नव्हती. चूक आणि चोरी दोघींनाही लपायला तीच जागा मिळते.

एडिनबरोचं एक वाक्यात सांगतो, कारण ते संशोधनातलं नाही, बांधकामातलं आहे. मुलांच्या नव्या हॉस्पिटलच्या आराखड्यात, एका स्प्रेडशीटमध्ये, अतिदक्षता विभागातली हवा तासाला १० वेळा बदलायला हवी तिथे ४ असा आकडा उतरला, तो वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला आला नाही, आणि जुलै २०१९ मध्ये तयार इमारतीत मुलांना हलवण्याच्या तोंडावर सगळं थांबवावं लागलं.

आता आमच्या क्षेत्रातल्या मंडळींचे नेहमीचे बचाव ऐका. पहिला: चूक माणसाची, सॉफ्टवेअरची नाही. हे मला अजिबात पटत नाही. केसपेपरवर आम्ही चुकीचं लिहिलं तर त्यावर एक आडवी रेघ मारतो, शेजारी बरोबर लिहितो आणि सही-तारीख टाकतो. व्हाइटनर लावायचा नाही, हे इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. आधी काय होतं ते दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका बोटाच्या धक्क्याने तुमचा हिमोग्लोबिन १२.४ चा १.२४ होतो, फाइल सेव्ह होते आणि आधी काय होतं याचा मागमूस राहत नाही. जो व्हाइटनर कागदावर चालत नाही तो कॉम्प्युटरवर का चालावा? आणि दोन रुपयांच्या वहीत ‘२-३’ लिहिलं तर वही त्याची तारीख करत नाही. माणूस चुकणारच हे धरून साधन बनवायचं असतं.

दुसरा बचाव: आमचा अभ्यास छोटा आहे, शंभरच रुग्ण आहेत. शंभर रुग्णांच्या यादीत कोणी फक्त नावांचा रकाना अकारविल्हे लावला आणि बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले, तर शंभरही रुग्णांना दुसऱ्याचे रिपोर्ट चिकटतात. एक्सेल एकदा विचारतं, खरं आहे. घाईत काय दाबलं जातं तेही तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे तर यात आणखी भर. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर असला तर ४ जुलैची प्रसूती ७ एप्रिलला जाते. पण १३ जुलै मात्र तशीच राहते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा बरोबर, काही उलट्या, आणि कोणत्या कोणत्या हे ओळखायची सोय नाही. गरोदर बाईच्या शेवटच्या पाळीची तारीख अशी फिरली तर पोटातल्या बाळाचं वयच चुकतं. १९२८ साली जन्मलेल्या आजोबांचं साल नुसतं ‘२८’ टाकलं की ते २०२८ मध्ये जन्माला येणार असतात. आधार क्रमांक बारा आकडी, आभा क्रमांक चौदा आकडी. एवढा लांब आकडा सरळ टाकला की एक्सेल तो आखडून १.२३E+११ अशा काहीतरी रूपात दाखवतं, आणि ती फाइल साध्या सीएसव्ही रूपात जतन केली तर मागचे आकडे गेले ते गेले. शून्याने सुरू होणाऱ्या केस नंबरमधलं शून्य तर पहिल्याच क्षणी उडतं. मग ००४१२ आणि ४१२ हे एकच रुग्ण की दोन? ज्याच्या फाइलमध्ये पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली आहे तो कोणता?

तिसरा बचाव पैशांचा, आणि तो तर साफ लंगडा आहे. अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००४ मध्ये रेडकॅप नावाची प्रणाली खास वैद्यकीय संशोधनासाठी तयार केली. ना-नफा संस्थांना ती परवान्याचं शुल्क न घेता मिळते. त्यात वयाच्या जागी ३०० टाकलं तर ती इशारा देते, तारीख एकाच साच्यात घेते आणि कोणी काय बदललं याची नोंद ठेवते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं एपी इन्फो तर कोणालाही फुकट. शिकायला दोन-चार दिवस जातात, एवढंच. तेवढे दिवस द्यायचे नाहीत आणि वर माणसांच्या आजाराबद्दल निष्कर्ष छापायचे, याला माझ्याकडे आळस याखेरीज शब्द नाही.

स्प्रेडशीट वाईट वस्तू आहे असं नाही. १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क नावाने ती आली ती हिशेब करायला, आणि हिशेबाला ती आजही उत्तम आहे. सोसायटीचा मेंटेनन्स, लग्नाचा खर्च, दुकानाचा ताळेबंद यात २-३ म्हणजे २ मार्च असा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघतो. रुग्णाची नोंद हा हिशेब नव्हे.

तुम्ही काय करू शकता? उद्या कोणी तुम्हाला एखाद्या औषधाच्या चाचणीत किंवा कॉलेजच्या अभ्यासात सहभागी व्हायला सांगितलं तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: माझी माहिती कशात साठवणार? कोणी बदल केला तर त्याची नोंद राहते का? मूळ कागद किती वर्षं ठेवणार? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि विचारलंत म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. समोरचा म्हणाला, ‘एक्सेलमध्ये ठेवतो की’, तर पुढचा प्रश्न विचारा: ती फाइल किती जणांच्या कॉम्प्युटरवर आहे? या प्रश्नाला बहुधा थोडी शांतता पसरते. औषधांच्या चाचण्यांवर देखरेख करणारी नैतिकता समिती असते. तिचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो, तो नुसता छापण्यासाठी नसतो.

रिपोर्टच्या मूळ प्रती जपून ठेवा. शिबिराची, कंपनीतल्या वार्षिक तपासणीची नुसती टाइप केलेली यादी हातात आली आणि त्यातला एखादा आकडा आपल्याला माहीत असलेल्या आकड्याशी जुळत नसेल, तर ‘कॉम्प्युटरचं आहे म्हणजे बरोबरच असेल’ असं धरू नका. मूळ कागद मागा.

तुमच्यापैकी बरेच जण घरी साखरेची आणि बीपीची नोंद एक्सेलमध्ये ठेवतात आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. ठेवा, माझी हरकत नाही. फक्त काही टाइप करण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. बीपीचा वरचा आकडा एका रकान्यात, खालचा दुसऱ्यात. महिना अक्षरात लिहा, ५ जुलै असा. उपाशीपोटी की जेवणानंतर, हे रंगाने दाखवू नका, शब्दात लिहा, कारण फाइल दुसऱ्या प्रकारात जतन केली की रंग जातात आणि मला २१० ही साखर कधीची हे कळत नाही. आणि मशीनवर दिसलेला आकडा आधी वहीत टिपून मग कॉम्प्युटरवर चढवत असाल, तर पुढच्या वेळी येताना ती वहीच घेऊन या.